रो हरणासाठी शूटिंग स्टिक्स: दोन पाय झाले, तिसऱ्याचं काम चालू

शूटिंग स्टिक्स म्हणजे वरच्या टोकाजवळ बोल्टने कात्रीसारख्या जोडलेल्या काठ्या; त्यांच्या वरच्या बेचक्यात रायफल टेकवून उभ्याने मारायचं. रो हे ब्रिटनमधलं लहान हरीण. आधी एक गोष्ट स्पष्ट. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याने हरणाची शिकार बंद आहे, त्यामुळे ही नोंद ब्रिटनमध्ये परवाना काढून, जमीनमालकाच्या संमतीने हरणामागे जाणाऱ्यांसाठी आहे. त्यातही स्कॉटलंडच्या उघड्या डोंगरावर रेड डिअरसाठी (तिथलं मोठं हरीण) काठ्यांची गरज कमी पडते. तिथे पोटावर झोपूनच बार टाकतात. काठ्या लागतात त्या सखल भागात, रानाच्या कडेला. इंग्लंडमध्ये रो नराचा हंगाम १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर. त्यातले निम्मे महिने गवत, नेचे आणि उभं पीक कमरेपर्यंत असतं, झोपलं तर समोर हिरवी भिंत. उभ्याने मारण्यात आणखी एक फायदा आहे: नळी उंच असल्याने गोळी खाली उतरती जाते आणि हरणामागची जमीन ती अडवते.

दोन पाय: मापं

सामान बागेतलं. हिरव्या प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या पोकळ पोलादी काठ्या, १६ मिमी जाड, १८० सेंमी लांब, दोन नग. ११ मिमीच्या स्वस्त आणि हलक्या असतात, पण भार दिला की मध्ये वाकतात आणि मग क्रॉसहेअर (दुर्बिणीतली नेमाची फुली) स्प्रिंगवर बसल्यासारखी उसळते. बांबूही चालतो, फक्त भोक पाडताना पेराजवळ पाडावं. दोन पेरांच्या मधोमध पाडलं की बोल्ट आवळताना उभी चीर जाते.

बहुतेकजण काठी डोळ्याच्या उंचीला कापा म्हणतात. ते अंदाजाला बरं आहे, पण हिशोब वेगळा करावा. १७० सेंमी उंचीच्या माणसाने पाय फाकवून, किंचित पुढे झुकून रायफल खांद्याला लावली की फोरएंडचा (नळीखालच्या पुढच्या लाकडाचा) तळ जमिनीपासून साधारण १४५ सेंमीवर येतो. बेचक्यात फोरएंड बोल्टच्या ९-१० सेंमी वर बसतो. म्हणजे बोल्ट १३५ सेंमीवर हवा. बोल्टखाली १४२ सेंमी आणि वर २० सेंमी ठेवले, एकूण १६२. पायांत ९० सेंमी अंतर असताना बोल्ट बरोबर १३५च्या आसपास येतो.

उतारावर मात्र हा हिशोब अंगाशी येतो. समोरची जमीन खाली गेली की उंची वाढवायला पाय जवळ घ्यावे लागतात. पण ९०वरून ६० सेंमीवर आणले तरी उंची फक्त ४ सेंमीने वाढते. उलट ९०वरून १३० केले तर ती जवळजवळ साडेआठ सेंमीने घटते. म्हणजे काठी खाली घेणं सोपं, वर नेणं अवघड. ज्यांचं रान चढउताराचं आहे त्यांनी बोल्टखालची लांबी ५ सेंमी जास्तच ठेवावी. कापायला नंतरही येतं.

वरचे २० सेंमी का, हेही इथेच. तयार काठ्यांत बोल्ट बऱ्याचदा टोकापासून १२-१५ सेंमीवर असतो. १५ ठेवले आणि पाय ६० सेंमीवर आले, तर टोकांमधलं अंतर काठ्यांच्या मध्यापासून मोजलं तरी ६ सेंमीच्या थोडं वर. त्यातून काठीची जाडी आणि रबर वजा करा, ५ सेंमी रुंदीचा फोरएंड बेचक्यात न बसता टोकांवर तरंगतो. २० ठेवले की तेच अंतर साडेआठ होतं आणि रायफल आत बसते. ४० सेंमीवर मात्र २० सेंमीचं बेचकंही चिंचोळं पडतं. तेवढे जवळ पाय आणायची वेळ आली तर काठीच आखूड आहे असं समजावं.

सांधा

सगळी मेख इथे आहे. पोकळ नळीत भोक पाडून सरळ एम६ (६ मिमी जाड) बोल्ट आवळला तर भिंत आत दबते, भोक लांबट होतं, आणि थोड्याच दिवसांत काठ्या खुळखुळायला लागतात. म्हणून भोकाच्या जागी आधी आतल्या मापाचा ८ सेंमी लांब लाकडी दांडा इपॉक्सी (घट्ट धरणारा गोंद) लावून ठोकला. दांडा किती आत जायला हवा याची खूण ठोकायच्या सळईवर आधीच करून ठेवावी, नाहीतर तो भलतीकडे अडकतो आणि मग निघत नाही. इपॉक्सी रात्रभर वाळल्यावर ६ मिमीचं आरपार भोक.

बोल्ट ४५ मिमीचा, आतून नायलॉन असलेला नट, दोन काठ्यांमध्ये एक नायलॉन वॉशर, बाहेरच्या बाजूंना एकेक रुंद पोलादी वॉशर. साधा नट लावू नये. उघडझाप करता करता तो सैल होतोच. किती आवळावा? एक काठी उभी धरा, दुसरी तिरपी उघडा. हलकेच हलवल्यावर ती आपल्या वजनाने सावकाश खाली यायला हवी. जागची हलत नसेल तर ऐन वेळी झटका देऊन उघडावी लागेल, आणि तो झटका हरणाला दिसेल. थडकन पडत असेल तर चालताना पाय एकमेकांवर आपटतील.

कापलेलं वरचं टोक उघडं ठेवलं तर पावसाचं पाणी नळीत साचतं, आतून गंज धरतो, शिवाय चालताना डुबुक डुबुक वाजतं. तिथेही इपॉक्सी.

बेचकं आणि आवाज

बेचक्याच्या आतल्या बाजूला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, बोल्टच्या डोक्यावरूनही एक फेरा. बोल्ट उघडा राहिला तर काठ्या जास्त फाकवल्यावर रायफल थेट त्यावर उतरते. लाकडाला ओरखडा तर जातोच, पण धातूचा टक्कन आवाज ६० मीटरवरच्या रोला पुरेसा असतो. खालचे पाय मिटताना जिथे भेटतात तिथे कापडी टेपचे दोन पट्टे.

टेकवायचा तो फोरएंड, नळी कधीच नाही. नळीला काठीचा दाब लागला की तिचं कंपन बदलतं आणि गोळी नेहमीच्या जागी पडत नाही. स्लिंगचा (खांद्याच्या पट्ट्याचा) खिळा बेचक्याला अडत असेल तर रायफल थोडी मागे घ्या.

पायाला रबरी टोपी की टोक, यावर वाद घालणारे पुष्कळ. चिकणमातीत रबरी टोपी रुतते आणि उचलताना ‘पच्’ वाजते. गोट्यांच्या वाटेवर टोक घसरतं आणि खणकतं. आमच्या मते रानात टोकच बरं, वाटेवर चालताना त्यावर रबर चढवावं.

दोन पाय नेमकं काय थांबवतात

चाचणी रिकाम्या रायफलने, १०० मीटरवर १० सेंमीचं वर्तुळ लावून. रोच्या छातीतला खात्रीचा भाग साधारण तेवढाच. काठीशिवाय उभं राहिलं तर क्रॉसहेअर वर्तुळाच्या आतबाहेर सगळ्या दिशांना फिरते. दोन पायांवर ठेवल्यावर वरखाली हालचाल जवळजवळ संपते, पुढेमागे डोलणं मात्र शिल्लक राहतं, कारण तिकडे काठीला पायच नाही. तिथे तिसरा पाय म्हणजे तुमचं शरीर. म्हणून काठ्यांचे पाय थोडे पुढे रोवून वरचं टोक स्वतःकडे कलतं ठेवायचं आणि रायफल किंचित पुढे रेटायची. डाव्या हाताने सांधा आणि फोरएंड एकत्र मुठीत धरले की उरलेला आडवा हेलकावाही कमी होतो. ६०-७० मीटरपर्यंत हे पुरतं. त्यापुढे, वारा असेल तर, पुरत नाही.

तिसरा पाय

तिघांना एकाच बोल्टवर बांधलं की तिसरा पाय त्याच पातळीत उघडतो, पुढे येतच नाही. बोल्ट सैल ठेवला तर येतो, पण मग सगळंच डुगडुगतं. सध्या पहिल्या दोघांचा बोल्ट तसाच ठेवून तिसरा पाय सांध्याला ट्यूबच्या २ सेंमी रुंद पट्टीने बांधला आहे, आठाच्या आकड्यासारखे पाच-सहा फेरे. रबर ताणलं जातं, पाय कुठल्याही दिशेला फिरतो आणि सोडला की मूळ जागी येतो. तिसऱ्याचं डोकं सांध्याच्या जेमतेम ३ सेंमी वर ठेवावं, नाहीतर ते बेचक्यात घुसून रायफलीला आडवं येतं. उन्हाने रबर चिरतं, तेव्हा दर हंगामाच्या सुरुवातीला पट्टी बदलणं आलं.

तो पाय कुठल्या दिशेला? सपाटीवर हरणाच्या दिशेने, कारण तुम्ही पुढे रेटता. चढावर मारताना मात्र तो आपल्याकडे घ्यावा.

हेझलची जोडी

समांतर काम. पोलादाचा खणखणाट नको असणाऱ्यांनी हेझल (सरळ फांद्यांचं युरोपातलं झुडूप) बघावं. डिसेंबर-जानेवारीत, रस उतरलेला असताना, मालकाला विचारून बुडाशी २२ मिमीच्या सरळ काठ्या तोडायच्या, हव्या त्या लांबीपेक्षा २० सेंमी जास्त. टोकं वाळताना तडकतात. कापलेल्या टोकांना मेण किंवा रंग, आणि वर्षभर सावलीत, हवेशीर जागी आडव्या. वाळल्यावर वाकडेपणा हीट गनने तापवून गुडघ्यावर काढता येतो, पण तापलेली काठी निवेपर्यंत तशीच धरून ठेवावी लागते, सोडली की परत वळते. साल काढू नका, ती चमकत नाही. वरून उकळलेलं जवसाचं तेल, दोन पातळ हात. तेलाचे बोळे घडी करून टाकू नका, आपोआप पेटतात. बाहेर पसरून वाळवा. अशी एक काठी साधारण ४०० ग्रॅम भरते. लाकूड भरीव असल्याने दांडा ठोकायची कटकट नाही, बोल्ट मात्र जाडीप्रमाणे ६० मिमीचा लागेल.

पुढे

दस्त्याला आधार. चार पायांच्या तयार काठ्या रायफल दोन ठिकाणी धरतात, त्यामुळे नळीचं डोलणं जवळपास थांबतं. पण हरिण चालत राहिलं तर नळी फिरवायला वाव कमी, आणि मांडायला वेळ जातो. त्याऐवजी तिवईसोबत चालायची एक जुनी काठी दस्त्याखाली किंवा उजव्या कोपराखाली टेकवून बघायची आहे. तिच्या डोक्याला ट्यूबचाच एक झोळा बांधला आहे, लांबी अजून ठरायची आहे.