तिलोसला पोचलो

तिलोस, जूनचा पहिला आठवडा, रात्र

दोन्ही मुलं झोपली आहेत. थोरलीच्या उशाशी किनाऱ्यावरचे गोटे ओळीनं मांडलेत आणि त्यांना कुणी हात लावायचा नाही, अशी ताकीद आहे.

श्टुटगार्टहून विमानानं रोड्स, तिथून बोटीनं इकडे, तिलोस या छोट्या ग्रीक बेटावर. धाकट्याला बोट लागेल म्हणून आवळासुपारी घेऊनच निघाले होते, पण वारा पडलेला होता. खरी धांदल उतरताना. तिलोस जवळ आलं की सगळ्यांनी खाली गाड्यांच्या मजल्यावर जाऊन उभं राहायचं. डिझेलचा वास, अंधार, बॅगा, आणि मग साखळ्यांचा खडखडाट करत मागचं फाटक खाली येतं. बोट इथे काही मिनिटंच थांबते. मी सामान धरू की मुलगा, अशी उभी असताना शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी धाकट्याला सरळ उचललं, धक्क्यावर नेऊन अलगद ठेवलं, त्याच्या डोक्यावर हात फिरवला आणि चालायला लागले. मला धड आभारही मानता आले नाहीत. आजी भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं हर्णैला यायची. बोट खोल पाण्यात उभी राहायची, पडावात उतरायचं आणि पोरं हातोहात खाली दिली जायची. कुणाचं पोर कुणाच्या हातात, बघायला वेळ नसायचा. ती हे सांगायची तेव्हा मला भीती वाटायची. आज नाही वाटली.

लिवाडिया हे बंदराचं गाव अर्ध्या गोल खाडीभोवती पसरलंय. वाळू नाही, गोटेच. पाण्याच्या कडेनं पायवाट आहे, तिच्यावर गाड्या नाहीत. तिथे मी मुलांचे हात सोडले. घरी ट्राम, सायकली, सिग्नल. बाहेर पडलं की एक हात कायम माझ्या मुठीत. इथे धाकटा पुढे पळत गेला, मांजरापाशी बसला, परत आला, पुन्हा गेला, आणि मी त्याला एकदाही हाक मारली नाही. माझे खांदे किती आखडले होते ते तेव्हा कळलं.

दुपारी दुकानं बंद. जेवायला भात आणि पुदिना भरलेले टोमॅटो मिळाले, दोघांनी न कुरकुरता खाल्ले. खोलीच्या बाईंनी खुणांनीच सांगितलं की कागद संडासात टाकायचा नाही, नळ्या अरुंद आहेत. वीजही जपून वापरा म्हणाल्या. पूर्वी ती सगळी समुद्राखालच्या केबलनं कोस बेटाकडून यायची आणि सारखी जायची. आता बेटाची स्वतःची पवनचक्की आहे, सौर पॅनेल आहेत, वीज साठवायला मोठ्या बॅटऱ्या आहेत. काही शे माणसांच्या वस्तीनं हे केलं, याचं मला फार कौतुक वाटतं. शिकारीवरही इथे 1993 पासून बंदी आहे.

वर डोंगरात मिक्रो होरिओ आहे, ओसाड. चाच्यांच्या भीतीनं लोक समुद्रापासून दूर राहायचे. पुढे ती भीती गेली, पाणी आणि काम खाली होतं, माणसं हळूहळू लिवाडियात उतरली आणि 1960 च्या दशकात वरचं गाव रिकामं झालं. तिथे मला जायचंय, पण चढ मुलांना झेपेल का, बघू.

मुलांना मात्र एकच ओढ आहे: हत्ती. हार्काडिओच्या गुहेत 1971 मध्ये बुटक्या हत्तींची हाडं सापडली. युरोपात सर्वांत शेवटी टिकलेले हत्ती हेच, असं मानतात. मोठे हत्ती पोहत बेटावर आले असणार. इथे चारा कमी, अंगावर येणारा वाघ-सिंह नाही, मग पिढ्यान्‌पिढ्या अंग लहान होत गेलं. झोपताना हे बाबानं सांगितलं. थोरलीनं विचारलं, माझ्याएवढे का? बाबा म्हणाला, माझ्याएवढे धर. धाकट्याला त्यांना सोंड होती का, एवढंच हवं होतं. होती म्हटल्यावर त्यानं लगेच ठरवून टाकलं की आपला गणपती मूळचा इथलाच. थोरली म्हणाली, छे, तो कैलासावरचा. भांडण मिटलं नाही. सकाळच्या बसनं मेगालो होरिओला जायचंय, तिकडून गुहा जवळ आहे. पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्यात, टोप्या अजून बॅगेत तळाशी आहेत.