पत्र्याचा गवा आणि त्रिकोणांचा हिशोब

गवा ओळखायचा तो पाठीवरून. खांद्यापासून निघालेली उंच कड पाठीच्या मध्यापर्यंत येते आणि तिथं अचानक संपते. बैलाच्या वशिंडासारखा हा मांसाचा गोळा नसतो. मणक्यांची वर वाढलेली लांब हाडं आत असतात, म्हणून ती कड. मागून पाहिलं तर जनावर दोन तुकड्यांचं वाटतं, पुढचा भाग अवजड आणि मागचा त्या मानाने हलका. गवा घडवायचा तर सगळ्यात आधी ही कड साधली पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

वन्यजीवांवरच्या एका नव्या संग्रहालयासाठी गवा करायचं काम आमच्याकडे आलं. आमचं वर्कशॉप कोल्हापुरात उद्यमनगरात आहे. मी शिल्पकला शिकले, पण हात बसला तो पत्र्यावर. मागणी होती भौमितिक गव्याची, म्हणजे सपाट त्रिकोणांनी बनलेला आणि आकाराने जिवंत नराच्या दीडपट. नर गवा खांद्यापाशी सहा फुटांच्या आसपास भरतो, म्हणजे आमचा नऊ फूट. राधानगरीचं जंगल आम्हाला जवळ. १९५८ साली तिथं दाजीपूरचं अभयारण्य झालं तेच मुळी गव्यांसाठी. त्यामुळे बघायला जनावर होतं आणि विचारायला माणसंही होती.

कॉम्प्युटरवर आधी गुळगुळीत गवा उभा केला. मग सॉफ्टवेअरला त्रिकोण कमी करायला सांगितलं. ते काम चुटकीसरशी होतं, म्हणूनच बाजारात सगळीकडे तसली हरणं, सिंह आणि हत्ती दिसतात. पण सॉफ्टवेअर सगळ्या अंगावर सारखीच कात्री चालवतं. जिथं उतार हळूहळू बदलतो तिथंही आणि जिथं जनावराची ओळख आहे तिथंही. तो नमुना मी दाजीपूरच्या एका वनरक्षक काकांना मोबाइलवर दाखवला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाले, "ताई, ह्यो रेडा हाय. गव्याचं कपाळ कुठं हाय ह्यात?"

बरोबर होतं त्यांचं. गव्याच्या दोन शिंगांच्या मधे कपाळाचा फुगीर उंचवटा असतो, राखाडी रंगाचा, थोडा पुढे झुकलेला. तो गेला की रेडाच उरतो. म्हणून मी कपात बाजूला ठेवली आणि त्रिकोण एकेक करून हाताने बसवायला घेतले. एकूण साडेतीनशेच्या आत राहायचं असं ठरवलं होतं, कारण प्रत्येक त्रिकोण म्हणजे कापणं, जोडणं, घासणं आणि पैसे. त्यातले सव्वाशेच्या आसपास एकट्या डोक्यावर आणि शिंगांवर गेले. पाठीच्या कडेला दोन्ही बाजूंनी अरुंद, लांब त्रिकोण दिले आणि ती संपते तिथं मुद्दाम एक तीव्र कोन ठेवला. गळ्याखालची पोळी आणि पुढच्या गुडघ्यांवरही हात सैल सोडला. उलट एका बाजूची अख्खी कूस सात त्रिकोणांत उरकली. तिथं जनावर काही बोलत नाही, पत्र्यानेही बोलू नये.

या काळात मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात दायमाबादची ब्राँझची जनावरं मुद्दाम बघून आले. १९७४ साली नगर जिल्ह्यात प्रवरेकाठी सापडलेली, भरीव आणि वजनदार. त्यातला रेडा जेमतेम फूटभर उंच. पाय साधे खांबासारखे, अंगावर बारकावे जवळजवळ नाहीत, पण शिंगांचा फेर आणि मानेची ठेवण अशी पकडली आहे की रेड्याशिवाय दुसरं काही सुचतच नाही. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी हाच हिशोब घातला होता आणि माझ्यापेक्षा किती तरी कमी खर्चात भागवला होता. त्या काचेच्या पेटीपुढून माझा पाय निघेना.

आता पत्र्याकडे येते. त्रिकोणच का, चौकोन का नाही, असं बरेच जण विचारतात. तीन बिंदू कसेही ठेवा, ते एका सपाटीत बसतातच. चौथा बिंदू आला की तो जरा वर किंवा खाली राहतो आणि पत्रा पिळावा लागतो. दोन मिलिमीटरचा पत्रा हाताने नीट पिळला जात नाही. मग शेजारशेजारचे तीन-चार त्रिकोण एकाच पत्र्यात कापायचे आणि मधल्या रेघांवर दुमडायचे, म्हणजे वेल्डिंग वाचतं. मोठे तुकडे ब्रेक प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून वाकवायच्या मशीनवर, वाकतात. अरुंद तुकड्यांना मशीनमध्ये पकडायला जागाच मिळत नाही. त्यांच्या दुमडीवर लेझरने तुटक चिरा पाडून घेतल्या आणि हाताने वाकवले. प्रत्येक तुकड्याच्या आतल्या बाजूला लेझरनेच नंबर कोरून घेतला, आणि शेजारचा कोण तेही कडेवर लिहिलं. त्याआधी कार्डशीटचा एक दशांश गवा चिकटवून झाला होता. जोडणीचा क्रम त्याच्यावर ठरला. पोट सगळ्यात शेवटी बंद करायचं, नाहीतर आत हात जात नाही.

जोडताना आतल्या कडा एकमेकींना भिडवल्या, म्हणजे बाहेरून आपोआप व्ही आकाराची खाच मिळते. ती वेल्डने भरायची आणि फ्लॅप डिस्कने, म्हणजे घासायच्या फिरत्या चकतीने, घासायची. इथं खरी कसोटी आमच्या वेल्डर मामांची. कुशीवरचा एकेक त्रिकोण मीटरभर लांब, पत्रा पातळ. सलग वेल्ड ओढलं की उष्णतेने पत्रा ओढला जातो, मधे पोट येतं आणि हात ठेवला की डब-डब वाजतो. मामा इंचभर टाका मारायचे, वीतभर सोडायचे, मग गव्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन तसाच टाका मारायचे. पहिली बाजू तोवर गार. "पत्र्याला घाई कळती, ताई," असं म्हणत दिवसभर त्यांच्या त्या जनावराभोवती फेऱ्या चालायच्या. कुशीच्या पत्र्यांना आतून पट्ट्याही लावल्या.

वजनाचं गणित सोपं आहे. दोन मिलिमीटरचा पोलादी पत्रा चौरस मीटरला १५.७ किलो. आमचं क्षेत्रफळ १८ चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे नुसती कातडी पावणेतीनशे किलोच्या वर. आत ४० बाय ४० मिलिमीटरच्या स्क्वेअर पाइपचा सांगाडा, तो चारही पायांतून खाली उतरून १२ मिलिमीटर जाडीच्या बेसप्लेटला, म्हणजे तळाच्या पोलादी पाटाला, जोडलेला. सगळं मिळून साडेचारशे किलो. गव्याचा भार पुढे असतो, पत्र्याच्याही, म्हणून पुढच्या पायांच्या बेसप्लेट मोठ्या घेतल्या.

संग्रहालयाचा दरवाजा सहा फूट रुंद. त्यामुळे गवा चार भागांत तयार केला आणि जागेवर चेनपुलीने उचलून आतून बोल्टने आवळला. पोटाखालचा एक त्रिकोण झाकणासारखा निघतो, तिथून माणूस आत जातो. बोल्टच्या रेषा त्रिकोणांच्या कडांवरच घेतल्या आहेत, त्यामुळे सांधा दिसत नाही. मुलं हात लावणार हे धरून खालच्या सगळ्या कडा घासून गोल केल्या. शिंगांची टोकं माणसाच्या डोक्यापेक्षा बरीच वर आहेत, तरी ती तीन मिलिमीटरच्या जाड पत्र्यात केली.

रंगावर चर्चा झाली. तिथल्या सजावटकारांना अख्खा गवा एकाच रंगात हवा होता. मी गुडघ्याखालच्या पांढऱ्या पायांसाठी भांडले. जंगलात संधिप्रकाशात काळं अंग झाडीत मिसळून जातं आणि ते चार पांढरे पायच आधी दिसतात. शेवटी त्यांनी मान्य केलं. अंगाला काळपट तपकिरी रंग, पूर्ण मॅट. चकाकी दिली असती तर प्रत्येक त्रिकोण आरसा झाला असता आणि जनावर हरवलं असतं. दिव्यांसाठीही लेखी सूचना दिली आहे. मुख्य दिवा एकच, वरून आणि बाजूने, दुसऱ्या अंगाला अगदी मंद उजेड. रंग एकच असला तरी असा उजेड पडला की प्रत्येक त्रिकोणाची छटा वेगळी होते आणि पाठीची ती कड उठून दिसते. चारही बाजूंनी सारखे दिवे लावले तर सगळं सपाट.

देखभालीत फारसं काही नाही. कोरड्या फडक्याने पुसायचं, फरशी धुताना बेसप्लेटपाशी पाणी साचू द्यायचं नाही, आणि वर्षातून एकदा पोटाचं झाकण काढून बोल्ट तपासायचे. त्याचा पाना आतल्याच खिळ्याला टांगून ठेवला आहे.