झटका मारू नका काका

शेतीची लाईट रात्री बाराला येणार, मोटर चालू करायला उठायचंच आहे तर म्हटलं झोपण्यापेक्षा हे एकदाचं लिहून टाकावं. अमेरिकेहून येऊन दोन महिने होत आले आणि गावात प्रत्येक भरीत पार्टीत मला तोच प्रश्न, काय पाहिलं भो तिकडे. न्यूयॉर्कच्या बिल्डिंगींचं सांगायला लागलो की लोक कळण्याच्या भाकरीकडे वळतात, माशाचं सांगायला लागलो की मात्र हात थांबतात. तर माशाचंच.

आधी सांगतो, आमचं घर माळकरी. आई होती तोवर घरात मासा सोडा, माशाचा विषयही नाही. पण गाव रावेर तालुक्यातलं, तापी चालत अर्ध्या तासावर, आणि माझा शाळेपासूनचा दोस्त आबा हा पक्का मासेवाला. कणकेची गोळी नाहीतर गांडूळ, बांबूची काठी, थर्माकोलचा तुकडा, बस. थर्माकोल बुडाला की दोन्ही हातांनी काठीला असा झटका द्यायचा की मासा डोक्यावरून मागे गवतात जाऊन पडला पाहिजे. तो मासा आबाच्या घरी शिजायचा आणि मी हात चार वेळा साबणाने धुऊन घरी. चाळीस वर्षं हा झटका माझ्या मनगटात बसलेला आहे आणि सगळी गोष्ट त्या झटक्याचीच आहे.

पुतण्या न्यू जर्सीत असतो, सॉफ्टवेअरमध्ये. मी ऑक्टोबरमध्ये गेलो, सहा आठवडे. पहिले पंधरा दिवस मंदिर, मॉल, पुन्हा मॉल. मग एका शुक्रवारी रात्री म्हणे काका, पहाटे साडेतीनला उठाल का, मासे धरायला जाऊ. केळीवाल्याला साडेतीनचं काय सांगतो!

गेलो ते बार्नेगाट बेला. म्हणजे समोर अटलांटिक समुद्र, मध्ये वाळूची लांबच लांब पट्टी, आणि पट्टीच्या अलीकडे हे उथळ खाडीचं पाणी, कडेला कमरेएवढं गवत. लांब एक लाल-पांढरं दीपगृह, १८५९ पासूनचं. मला सगळ्यात नवल वाटलं ते पाण्याचं. आमच्या तापीला आयुष्यभर एकच दिशा माहिती, पश्चिम. इथे आपण उभे आहोत आणि तेच पाणी थोड्या वेळाने थांबतं आणि उलटं निघतं. भरती-ओहोटी पुस्तकात वाचलेली, पायाला लागली ती पहिल्यांदा, आणि पुतण्याचा सगळा हिशेब त्याच्यावरच. तो घड्याळापेक्षा जास्त वेळा भरतीचं टेबल बघतो.

मासा म्हणजे स्ट्राइप्ड बास, तिकडे लाडाने स्ट्रायपर म्हणतात. चांदीसारखं अंग आणि त्याच्यावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा, वहीत पट्टी लावून मारल्यासारख्या. राहतो समुद्रात पण अंडी घालायला वसंतात नदीत वर चढतो, हडसन, डेलावेअर, चेसापीक बेच्या नद्या. उन्हाळाभर बरेचसे वर थंड पाण्याकडे असतात आणि पाणी गार व्हायला लागलं की किनाऱ्याकिनाऱ्याने खाली दक्षिणेला निघतात. त्याच वेळी खाडीत उन्हाळाभर वाढलेली बारीक मासळीही बाहेर समुद्राकडे पडायला लागते. मग ओहोटीचं पाणी जिथे चिंचोळ्या तोंडातून बाहेर निघतं तिथे हा गडी दबा धरून बसतो, लग्नात पंगतीच्या तोंडाशी काही लोक बसतात ना तसा. वाढपी येतोच.

आता फ्लाय फिशिंग. हे समजायला मला तीन दिवस लागले म्हणून नीट सांगतो. आपल्या गळाला वजन असतं, शिसं म्हणा खडा म्हणा, ते वजन पुढे जातं आणि दोरी मागून जाते, गोफणीचा धोंडा जातो तसं. फ्लायला वजनच नाही. नुसती पिसं आणि केस गळाला बांधलेले. मग वजन कशाला, तर दोरीला. दोरीच जाड आणि जड, ती हवेत मागे-पुढे फिरवायची आणि फ्लाय तिच्या शेपटाला धरून जाते. हे ऐकल्यावर मी म्हटलं अरे हा तर आसूड! बैलं हाकलीत आयुष्यभर, आण इकडे. नऊ फुटी काठी घेतली, फिरवली, आणि असा काही कडाका काढला की शेजारचे दोघं वळून बघायला लागले. मी खुश. पुतण्या शांतपणे म्हणतो, काका, आवाज आला म्हणजे फ्लाय गेली. बघतो तर खरंच, दोरीच्या टोकाला काही नाही. मागची लाईन, म्हणजे तीच जाड दोरी, पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं असतं, मी आधीच पुढे ओढली की टोक आसुडासारखं फटकतं आणि गाठ तुटते. दोन फ्लाय अशा गेल्या, पुतण्या रात्री जागून हाताने बांधतो त्या. तिसरी देताना त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

ती तिसरी पांढऱ्या पिसांची होती, नाव डिसीव्हर, म्हणजे फसवणारा. मेरीलँड राज्यातल्या लेफ्टी क्रे नावाच्या माणसाने १९५० च्या दशकाच्या शेवटी चेसापीकमध्ये याच माशासाठी तयार केली होती, आणि १९९१ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढलं. माशाच्या गळावर तिकीट! आपल्याकडे केळीच्या घडावर निघालं तरी पुरे.

बाकी थाट सांगायचा तर छातीपर्यंत रबरी पॅन्ट, आणि कमरेला एक प्लॅस्टिकचा टब. टब कशाला विचारलं तर लाईन हाताने थोडी थोडी खेचून त्यात गोळा करायची, नाहीतर पायात आणि गवतात गुंता. कापूस वेचणाऱ्या बाया कमरेला झोळी बांधतात बघा, सेम तेच. मी असा झोळी बांधून कमरेएवढ्या पाण्यात, थंडीने दात वाजतायत, आणि मनात विचार की गावातल्या कुणी आत्ता बघितलं तर.

उजाडलं. सूर्य पाण्यातून वर आला, आपल्याकडे नदीवर उन्हं मावळतीलाच छान दिसतात. समोर समुद्रपक्षी अचानक गोंधळ घालायला लागले, पाण्यावर पडायला लागले, खाली पाणी उकळल्यासारखं. पुतण्या ओरडला, टाका टाका. मी टाकली, बरी गेली, खेच खेच खेच आणि एकदम दोरी जड. आणि माझा चाळीस वर्षांचा झटका! काठी वर, जोरात. फ्लाय पाण्यातून उडाली आणि टोपीला येऊन बसली. मासा गेला. परत टाकली, परत जड, परत झटका, परत गेला. पाच वेळा! पुतण्या बिचारा, काका झटका मारू नका, काठी खालीच ठेवा माशाकडे रोखून, डाव्या हाताने नुसती लाईन ओढा. काठी मऊ असते, ती उचलली तर नुसती वाकते आणि गळ तोंडातून निसटतो. लाईन सरळ ओढली तर रुततो, आणि नाही रुतला तरी फ्लाय हातभरच पुढे जाते, मासा पुन्हा मागे येऊ शकतो. डोक्याला पटलं, मनगटाला कोण सांगणार?

शेवटी मी उजव्या हाताचं कोपर बरगडीला दाबून धरलं, अक्षरशः आवळून, आणि डावा हात ओढला. आणि लागला.

काय ताकद असते राव. टबातली सगळी लाईन सरसर संपली, रीळ फिरायला लागलं, काठी कमान झाली. पाचेक मिनिटं असेल पण मला तासभर वाटला. जवळ आला तेव्हा पुतण्याने दाखवलं, खालच्या जबड्यात अंगठा घालून धरायचं, दात नसतात टोचणारे, नुसतं पॉलिश पेपरसारखं खरखरीत. अंगठ्याचं साल निघालं माझं, घरी आलो तरी खरबडीत होता. टेप लावला, सव्वीस इंच. म्हणजे सोडा. पाण्यातच धरून ठेवला, कल्ले हलतायत, अंगठ्यावर त्याचा जबडा आवळतोय सुटतोय, आणि मग शेपटीचा एक फटका माझ्या तोंडावर आणि गायब.

सोडा का, तर तिथला नियम. २०२३ पासून अठ्ठावीस ते एकतीस इंचातलाच ठेवता येतो, दिवसाला माणशी एकच. लहान नाही आणि मोठाही नाही. मोठा का नाही हे मला कळेना, तर म्हणे मोठ्या बहुतेक माद्या असतात, एकेकीच्या पोटात लाखांनी अंडी. १९८० च्या आसपास या माशाची एवढी वाट लागली होती की १९८४ मध्ये देशाच्या पातळीवर कायदा करावा लागला, मेरीलँडने तर १९८५ ते १९९० मासेमारीच बंद ठेवली, तेव्हा कुठे १९९५ ला पूर्ववत झाल्याचं जाहीर केलं. आता पुन्हा चेसापीकमध्ये २०१९ पासून पिल्लं कमी सापडतायत म्हणून हा आवळलेला नियम. ऐकताना मला आपल्या डोहातल्या मरळी आठवल्या, पोटात गाभोळी असलेल्या, पहिल्या पावसात काठावर आलेल्या. आम्ही काय सोडत होतो!

परत आल्यावर आबाला सगळं सांगितलं. त्याला नियमाचं पटलं, सोडण्याचं नाही पटलं. "म्हणजे तुम्ही खातही नाही अन् त्याला सुखानं जगूही देत नाही," असं म्हणाला आणि यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. आई असती तर तीही हेच म्हणाली असती.

पुतण्याने जुनी काठी आणि ती पांढरी फ्लाय बरोबर दिलेली. मागच्या रविवारी आम्ही दोघं हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला गेलो. आबा दगडावर बसला, बिडी पेटवली, म्हणाला दाखव तुझं आसूड. मी यावेळी घाई केली नाही, लाईन मागे पूर्ण सरळ होऊ दिली, अगदी शिकवलं तसं, आणि पुढे ओढली तर येईना. मागे बाभूळ.

"मासे झाडावर राह्यते का भो अमेरिकेत?"

फ्लाय अजून तिथेच आहे, दोन पुरुष उंच, काट्यात. आबा म्हणतो राहू दे, बगळ्याचं पीस समजतील लोक. सव्वाबारा झाले, लाईट अजून नाही.