पवनारचा भरत

वर्ध्याचं मगन संग्रहालय आणि सेवाग्राम एका दिवसात झालं. बापूकुटी आवडली, पण मला लिहायचंय ते पवनारच्या विनोबांच्या आश्रमाबद्दल.

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात धाम नदी येते. वाटेत कापूस फुटलेला, बायका वेचणीला लागलेल्या. "आश्रमात काय पाहाले जाता जी?" ऑटोवाल्या भाऊंनी विचारलं. मूर्ती म्हटल्यावर त्यांचा चेहराच खुलला. "त्या तर इथल्याच मातीतून निघाल्या!"

१९३८ साली विनोबा तब्येत सुधारायला इथे आले. शेत खणता खणता शिल्पं सापडत गेली, आणि त्यातला एक शिल्पपट भरत-भेटीचा निघाला. त्याआधी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेचा बारावा अध्याय सांगताना विनोबा लक्ष्मण आणि भरत या दोघांबद्दल बोलले होते. एकाची भक्ती जवळ राहून, दुसऱ्याची लांब राहून. आणि मग जमिनीतून वर आला तो भरतच. हे वाचलेलं होतं, तरी त्या दगडापुढे उभी राहिले तेव्हा गळा दाटून आला. दगड झिजलाय, नाकडोळे पुसट झालेत. पण शरीरांचा तोल, खांद्यांचा बाक इतका जिवंत आहे की मला पुढे सरकवेना.

शिल्पं वाकाटकांच्या काळातली मानतात, म्हणजे साधारण पंधराशे वर्षांपूर्वीची. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी पवनार म्हणजेच वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर, असं मांडलं. पुढे रामटेकजवळच्या मनसरच्या उत्खननानंतर काही अभ्यासकांनी प्रवरपूर तिकडे नेलं. तो वाद तज्ज्ञांनी सोडवावा. मला मात्र हे फार सुंदर वाटतं, की ज्या प्रवरसेनाच्या नावावर 'सेतुबंध' हे प्राकृत रामकाव्य आहे, त्याच्याच मुलखात ही रामकथा दगडात सापडावी.

माझ्या मैत्रिणीचं मत वेगळं. एवढा मोलाचा ठेवा नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या मोठ्या संग्रहालयात हवा, तिथे निगा राहील, अभ्यासकांना सोयीचं होईल, असं ती म्हणाली. निगेचा मुद्दा मला पटतो. तरीही मूर्ती हलवू नयेत, असंच मी ठामपणे म्हणेन. १९५९ पासून इथे ब्रह्मविद्या मंदिरातल्या, म्हणजे विनोबांनी स्त्रियांसाठी काढलेल्या आश्रमातल्या बहिणी राहतात. शेती, स्वयंपाक, झाडलोट, प्रार्थना सगळं त्यांचं त्याच करतात. त्यांच्यातल्या एक वयस्कर ताई झाडू बाजूला ठेवून आम्हाला एकेक मूर्ती दाखवत गेल्या. "बसा थोडं, घाई करू नका," म्हणाल्या. इतक्या मायेनं मला आजवर कुठल्याच दालनात कुणी काही दाखवलं नव्हतं.

खाली नदीकाठी मात्र संताप आला. जिथे गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या त्या धामेच्या काठावर मोठ्यानं गाणी लावून बसलेली टोळकी, चिवड्याच्या रिकाम्या पुड्या, पत्रावळ्या. सहलीला या, लेकरांना पाण्यात खेळू द्या, पण कचरा परत न्या ना!

परतताना गोपुरीतल्या गीताई मंदिरात गेलो. मंदिर म्हणायचं, पण छप्पर नाही, मूर्ती नाही. मोकळ्या बागेत दगडी शिळा उभ्या, त्यांवर गीताईचे अठराही अध्याय कोरलेले. शाळेची पोरं आपापल्या शिळेपुढे उभी राहून मोठ्यानं वाचत होती. मैत्रीणही त्यांच्यात जाऊन बारावा अध्याय शोधायला लागली.