पायरेट्सचा खजिना आणि बाबांचा पंचनामा

आईबाबा अमेरिकेत आले की त्यांना काय काय दाखवायचं ह्याची एक ठरलेली यादी असते, ती आम्ही इमानेइतबारे पूर्ण केली. नायगारा झाला (भिजलो), वॉशिंग्टन झालं (चाललो), न्यूयॉर्क झालं (पार्किंगचे पैसे ऐकून बाबा जेवले नाहीत). आई सगळीकडे खूष. बाबांचं मात्र कुठेही गेलं तरी पंधरा मिनिटांत "बघून झालं, चला". व्हाइट हाऊससमोर उभं राहून हा माणूस मला विचारतो की घरी जाऊन चहा करशील का.

त्यामुळे रेवाच्या पायरेट ट्रेझर हंटला बाबा यायला तयार झाले तेव्हा मी काही फार आशा ठेवली नव्हती.

रेवा म्हणजे माझी मुलगी, वय वर्षं नऊ, आणि तिला सध्या जिओकॅशिंगचं वेड आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोणीतरी रानात, पार्कात, पुलाखाली एक डबी लपवतो, तिचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतो, बाकीचे लोक फोन घेऊन ती शोधतात, आतल्या वहीत सही करतात आणि डबी होती तशी परत ठेवून देतात. आतली एखादी वस्तू घेतलीत तर तेवढ्याच किंवा जास्त किमतीची दुसरी ठेवायची. बस. २ मे २००० ला अमेरिकन सरकारने सामान्य लोकांच्या जीपीएसमधे मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ओरेगनच्या जंगलात एक बादली लपवून जगाला पत्ता सांगितला, तिथून हे सुरू झालं. त्या बादलीत बाकी गोष्टींबरोबर बीन्सचा एक डबा पण होता.

बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे लपवणाराच खबर देतो?"

"हो."

"मग लपवलं कशाला?"

इथे सांगायला पाहिजे की बाबा कस्टम्समधून रिटायर झाले. प्रिव्हेन्टिव्हला, म्हणजे चोरटा माल पकडणाऱ्या विभागाला होते, अर्धी नोकरी कोकणातल्या खाड्यांवर रात्र रात्र चोरट्या मालाच्या लाँचची वाट बघत आणि अर्धी मुंबईत जहाजांवर रमेजिंग, म्हणजे कानाकोपऱ्याची झडती, करत. दहा तोळ्यांची सोन्याची बिस्किटं डिझेलच्या टाकीत, माशांच्या पोटात, बाथरूमच्या खोट्या भिंतीमागे, कुठे कुठे सापडली ते आम्ही लहानपणी रामायण-महाभारताच्या जोडीला ऐकलंय. असा माणूस आयुष्यात पहिल्यांदा हौस म्हणून काहीतरी शोधायला निघाला होता आणि आमच्या कोणाच्या हे लक्षातही आलं नाही.

जागा फिलाडेल्फियातली, विसाहिकन क्रीक, म्हणजे ओढा. शहराच्या आत इतकी खोल, इतकी गर्द दरी असेल असं वाटतच नाही. क्रीकच्या एका बाजूला फॉरबिडन ड्राइव्ह म्हणून रुंद सपाट रस्ता आहे, मोटारींना बंदी म्हणून ते नाव, तिथे बाबागाड्या, सायकली, घोडे सगळं आरामात चालतं. आमचा पायरेट, म्हणजे डबी लपवणारा, अर्थातच तिथे खजिना ठेवणार नव्हता. तो समोरच्या काठावर, ऑरेंज ट्रेलवर, जिथे मुळं, खडक आणि चढउतार ह्यांशिवाय काही नाही. कॅशचं (लपवलेल्या डबीला कॅश म्हणतात, पैशांशी संबंध नाही) नाव आणि आकडे सांगत नाही, स्पॉयलर दिला तर ह्या लोकांत पाप लागतं. एवढंच सांगते की मल्टी कॅश आहे, म्हणजे एका ठिकाणी पोचलं की पुढच्या ठिकाणाचा पत्ता मिळतो, आणि टेरेन, म्हणजे वाट किती अवघड ते, पाचपैकी चार. ते चार मी फार गांभीर्याने घेतलं नव्हतं, आईने घेतलं आणि ती व्हॅली ग्रीन इन नावाच्या हॉटेलच्या बाकावर बदकं बघत बसली. सगळ्यात शहाणी तीच.

कॅशच्या पानावर मालकाने पायरेटगिरीची गोष्ट लिहिलेली, ती मी गाडीत मोठ्याने वाचून दाखवली. मला वाटलं होतं डोळ्यावर पट्टी, खांद्यावर पोपट असलं काहीतरी असेल. तर निघालं सुरतेचं! १६९५ साली हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचं गंज-ए-सवाई जहाज लुटलं, हजचे यात्रेकरू घेऊन सुरतेला परत येत होतं ते. (सुरतेची लूट म्हटलं की आपल्याला आधी दुसरंच काही आठवतं, आणि नवऱ्याने ते लगेच बोलूनही दाखवलं.) यात्रेकरूंचे फार हाल केले, बायकांचे तर सांगण्यापलीकडे, आणि इकडे बादशहाच्या लोकांनी सुरतेतल्या इंग्रज व्यापाऱ्यांना बेड्या ठोकल्या. एव्हरी कधीच सापडला नाही. पण त्याची काही माणसं पैसा घेऊन इथे, ह्या फिलाडेल्फियात येऊन राहिली. इथला गव्हर्नर मार्कहॅम त्यांना पाठीशी घालतो, त्यासाठी पैसे खातो असे आरोप झाले, आणि त्यातला एक जण तर त्याचा जावईच झाला. स्नीड नावाचा एक मॅजिस्ट्रेट होता, तो ह्यांना पकडा म्हणून मागे लागला तर गव्हर्नरनेच त्याला आडकाठी केली. शेवटी त्याने लंडनला तक्रार लिहिली.

मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "स्नीडची बदली केली असेल."

त्यानंतर त्यांचा मूड एकदम बदलला. त्यांनी मला पानावरची ती गोष्ट परत वाचायला लावली, मार्कहॅमचं स्पेलिंग विचारलं.

पहिल्या टप्प्याबद्दल फार बोलत नाही कारण तो डेव्हिल्स पूलच्या बाजूने जातो आणि तिथलं आठवलं की माझं डोकं फिरतं. क्रेशाइम क्रीक विसाहिकनला मिळतो तिथे खडकांमधे एक सुंदर डोह आहे. पोहायला बंदी आहे, पाटी आहे. पाटीवर टॉवेल वाळत घातलेले. चिप्सची पाकिटं, फुटक्या बाटल्या, खडकांवर रंगाने लिहिलेली नावं, आणि वरून उड्या मारणारी पोरं. मला उगाच वाटायचं की असलं फक्त आपल्याकडच्या धबधब्यांवर होतं. रेवाने सोबत कचऱ्याची पिशवी आणली होती, जिओकॅशर लोकांत ती पद्धत आहे, जाता जाता कचरा उचलायचा. पिशवी पाच मिनिटांत भरली आणि मग पुढे सगळा वेळ ती नवऱ्याने वाहिली.

तिथून पुढे मात्र वाट रिकामी होत गेली. फिंगरस्पॅन नावाचा बोटाच्या आकाराचा गंजक्या लोखंडाचा पूल आहे, १९८७ चा, जोडी पिंटो ह्या शिल्पकार बाईने केलेला, कड्याला चिकटून, त्याच्या आतून चालत जायचं. बाबांनी तो आतून ठोकून बघितला. सवय! वाटेवरची सगळी माती चमचमत होती कारण इथला खडक अभ्रकाने भरलेला आहे, रेवाला ती चांदी वाटली म्हणून तिने खिसे भरले आणि वॉशिंग मशीनची वाट लावली, तो विषय वेगळा. मी मधल्या दोन चढांवर बसले. बाबा नाही बसले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, बाटाचे बूट, हातात नवऱ्याने दिलेली काठी आणि तीही टेकायला नाही तर पाचोळा उचकायला. मी पॉयझन आयव्ही (अंगाला खाज आणणारी वेल), पॉयझन आयव्ही, तीन पानं असली तर हात लावू नका असं ओरडत मागे.

एका टप्प्याला हिंट लागली. हिंट सरळ लिहिलेली नसते, प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवलेलं असतं, ए चा एन, बी चा ओ. ॲपमधे बटण दाबलं की उलगडते, पण बाबांनी बटण दाबू दिलं नाही, खिशातून पेन काढून तिकिटाच्या मागे सोडवत बसले आणि म्हणाले की एवढ्यात तर आमचा शिपाईसुद्धा फसला नसता. आमच्या वेळी नोट फाडून अर्धी दुबईला, अर्धी इथे, दोन तुकडे जुळले की माल हातात. रेवा तोंड उघडं टाकून ऐकत होती. तिला कळलं की तिचा आबा खरा पायरेटवाला आहे, फक्त दुसऱ्या टीममधला.

शेवटचा टप्पा. फोन म्हणतोय तुम्ही पोचलात, आणि समोर नुसते खडक. दरीत जीपीएसचं काही खरं नसतं, बाण गोल गोल फिरतो. रेवा आणि नवरा झाडांच्या ढोल्या बघत होते, मी खाली वाकल्यासारखं करत होते. बाबा कशालाच हात न लावता उभे राहिले. नुसते बघत होते. मग काठीने दाखवून म्हणाले, "ते चार दगड इथले नाहीत."

इथलेच होते हो! तोच खडक, तेच अभ्रक. पण बाबा म्हणाले की ह्यांची शेवाळाची बाजू खाली गेलीय, दगड स्वतः उलटा झोपत नाही. दगड काढले, मागे कपार, कपारीत मिलिटरीची हिरवी लोखंडी पेटी. रेवाने जी किंकाळी मारली ती फॉरबिडन ड्राइव्हवरच्या घोड्यांनी ऐकली असणार.

आणि ती पेटी उघडणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब. पंच कुठायत?"

मला आधी वाटलं गंमत करतायत. ते गंमत करत नव्हते. पेटी पंचांसमक्ष उघडायची, घरचे पंच चालत नाहीत, दोन तटस्थ माणसं पाहिजेत. आता जिओकॅशिंगचा पहिला नियमच असा की बाहेरच्या माणसाला, त्यांना मगल म्हणतात, कळू द्यायचं नाही, कोणी आलं तर बुटाची लेस बांधल्याचं नाटक करायचं. रेवा अक्षरशः रडवेली होऊन सांगतेय, "आबा, नो! मगल्स!" आणि आबा वाटेवर जाऊन उभे. पहिली एक कुत्रेवाल्या आजी आल्या. बाबांनी त्यांना हात केला आणि त्यांच्या ऑफिसच्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, वन मिनिट. यू आर इंडिपेंडंट विटनेस."

मी जमिनीत जायची जागा शोधत होते. पण आजी थांबल्या! रेवाने नाइलाजाने सगळं समजावलं, तर त्या म्हणाल्या की मी गेली कित्येक वर्षं इथून जाते, मला पत्ताच नाही. दुसरा पंच म्हणून एक पळणारा मुलगा मिळाला, तो घड्याळ थांबवून उभा राहिला. कुत्रंही बसलं. पेटी उघडली.

वही मोठी होती हे आमचं नशीब. बहुतेक कॅशमधे करंगळीएवढा कागद असतो. बाबांनी अख्खं पान घेतलं आणि मांडीवर पेटीचं झाकण ठेवून लिहिलं. मी फोटो काढलाय, तसंच्या तसं देते:

"आज रोजी दुपारी २.४० वाजता विसाहिकन नाल्याचे पूर्व तीरावर, खडकाचे कपारीत, दगडांआड लपविलेल्या स्थितीत हिरव्या रंगाची लोखंडी पेटी १ नग बेवारस मिळून आली. सदर पेटी पंचांसमक्ष उघडली असता आत खालील वर्णनाचा मुद्देमाल मिळून आला. पिवळ्या रंगाच्या प्लास्टिकच्या मोहरा २२ नग. कवटीचे चित्र असलेला काळा कापडी झेंडा १ नग. एका डोळ्याची पट्टी २ नग. रबरी बदक १ नग. खेळण्यातील मोटार, चाक एक कमी, १ नग. पितळी दिसणारे होकायंत्र १ नग. परकीय चलन, पाव डॉलर, १ नग. सोने मिळून आले नाही."

मी म्हटलं, बाबा, इथे पाव डॉलर परकीय नाही.

"मी आहे ना परकीय," म्हणाले आणि तसंच ठेवलं.

पंचांनी सह्या केल्या. आजींनी तर खाली तारीखही घातली. मग रेवाला एक मोहर हवी होती, बदल्यात ठेवायला तिने घरून कोल्हापुरी चपलेची कीचेन आणली होती, आणि इथे खरं भांडण झालं. बाबांचं म्हणणं, मुद्देमालातलं काही उचलायचं नाही. रेवाचं म्हणणं, रूल्स अलाऊ करतात. बाबा म्हणाले की मी पंचवीस वर्षं सोन्यात हात घातले आणि एक बिस्कीट घरी आणलं नाही. हे त्यांनी एकदम गंभीरपणे, जरा मोठ्याच आवाजात सांगितलं, पळणाऱ्या मुलाला काही कळलं नाही पण तोही सरळ उभा राहिला. आम्हाला हे माहीत होतं, म्हणजे घराच्या एकंदर परिस्थितीवरून माहीत होतं, पण बाबांच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या बरोबरचे काही जण कुठल्या कुठे पोचले.

तोडगा नवऱ्याने काढला. पंचनाम्यात एक ओळ वाढवली: "मोहर १ नग कु. रेवा हिचे ताब्यात दिली, बदली कीचेन १ नग जमा." आता तो अधिकृत व्यवहार झाला. बाबांनी दगड परत लावले, शेवाळाची बाजू वर.

येताना पाय इतके दुखत होते की त्याच दरीतला टॉलरेशन पुतळा वगैरे बघायचा राहिला. रात्री सगळ्यांच्या अंगावर गोचिड्या शोधल्या, एक नवऱ्याला मिळाली.

आठवडाभराने कॅशच्या मालकाचा मेसेज आला. वहीत कुठल्या भाषेत काय लिहिलंय, एवढा मोठा लॉग (वहीतली नोंद) कधी कोणी लिहिला नव्हता. मी पूर्ण इंग्रजी करून पाठवलं. तो माणूस भलताच खूष झाला, पण म्हणाला की होकायंत्र माझं नाही, कोणीतरी टाकलेलं दिसतंय, आणि मी चांगल्या कापडी पिशवीत ठेवलेले खेळायचे पायरेट पत्ते तुमच्या यादीत का नाहीत?

हे मी बाबांना सांगायला नको होतं असं नवऱ्याचं मत आहे. आधी ज्या ज्या लोकांना कॅश सापडलीय त्यांची नावं आणि तारखा ॲपवर सगळ्यांना दिसतात. बाबांनी कालपासून माझा आयपॅड घेतलाय, त्यातल्या तिघांवर त्यांचा संशय आहे, आणि आईला बजावून ठेवलंय की परतीचं तिकीट पुढे ढकलता येतं का ते बघ.