२२० नंबरचा बाइट

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीचा, म्हणजे पायथन २ चा, सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. आमचं दूध संकलनाचं सॉफ्टवेअर त्यानंतरही काही महिने २.७ वरच रखडत होतं. बाकीचा कोड मी दहा-बारा दिवसांत ३.८ वर आणला. घोडं अडलं ते रोजच्या नोंदी फाइलीत साठवणाऱ्या आमच्या घरगुती लायब्ररीपाशी. तिच्या पोटात पिकल होतं, आणि ती लिहिणारे गृहस्थ केव्हाच नोकरी सोडून गेले होते.

पिकल म्हणजे पायथनमधला ऑब्जेक्ट फाइलीत मुरत ठेवायची सोय. बरणी त्याच घरात उघडली तर काही तक्रार नसते. आमचं घरच बदललं होतं.

"सगळ्या फाइली एकदाच कन्व्हर्ट करून टाक की," सर म्हणाले. पण फाइली आमच्याकडे होत्याच कुठे? त्या गावोगावच्या केंद्रांवर, सचिवांच्या कपाटातल्या पेन ड्राइव्हवर. त्या येतील तेव्हा येतील, आणि नव्या लायब्ररीला त्या वाचता यायला हव्यात.

पहिली फाइल उघडली आणि एरर आला: आस्की या फक्त इंग्रजी अक्षरं जाणणाऱ्या कोडेकला १ क्रमांकाच्या जागेवरचा (मोजणी ० पासून, म्हणजे दुसरा) डीसी हा बाइट वाचता येत नाही. मला वाटलं, मराठी नावं आहेत, आस्कीला कशी झेपतील? एन्कोडिंग, म्हणजे बाइटांची अक्षरं करायची पद्धत, यूटीएफ-८ केली, तिच्यात देवनागरीही बसते. तरी तोच बाइट, तीच जागा. दुसरी फाइल घेतली, तिथेही तेच. मराठी नावांची सुरुवात प्रत्येक फाइलीत सारखी कशी असेल?

पायथनसोबतच पिकलटूल्स नावाचं मॉड्यूल येतं, ते फाइलीतली एकेक आज्ञा सुटी करून दाखवतं. त्यात पाहिलं तर तो बाइट नावाचा नव्हताच, तारखेचा होता. पायथन २ तारीख-वेळ दहा बाइटांत बांधतो आणि पहिल्या दोन बाइटांत वर्ष असतं. ७ गुणिले २५६ अधिक २२०. किती झाले? २०१२. हेक्समधला, म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेला, डीसी म्हणजेच २२०. एरर मला दोन दिवस फाइलीचं साल सांगत होता आणि मी त्याला नावांतला घोळ समजत होते.

पायथन २ मध्ये साध्या स्ट्रिंगमध्ये मजकूरही असायचा आणि नुसते बाइटही, त्यामुळे कुठली स्ट्रिंग नाव आहे आणि कुठली बांधलेली तारीख, हे पिकलला कळायला मार्ग नाही. यावरचा उपाय डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेला आहे: एन्कोडिंग लॅटिन-१ द्या. मराठीसाठी लॅटिन! पण त्यात ० ते २५५ मधल्या प्रत्येक बाइटाला एकेक अक्षर ठरलेलं आहे, म्हणून काहीही न हरवता सगळं आत येतं.

तारखा नीट आल्या. गावांच्या नावांची मात्र वाट लागली. 'कागल'मधल्या चार चिन्हांच्या जागी बारा, त्यात तिरक्या रेघेचा लॅटिन ए पुन्हापुन्हा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं, त्याचे हे तुकडे. ते पुन्हा लॅटिन-१ मध्ये बांधून यूटीएफ-८ म्हणून उलगडले की कागल परत मिळतं. मात्र काही नावं मुळातच युनिकोड या, फक्त मजकुरासाठीच्या वेगळ्या प्रकारात साठवलेली होती आणि ती नीटच येत होती. ती लॅटिन-१ मध्ये बांधायला गेलं की एरर येतो. तो एररच मी खूण म्हणून वापरला: आला तर नाव शाबूत आहे, हात लावायचा नाही.

मॉड्यूलांची नावं बदलल्याचा त्रास त्यामानाने किरकोळ. फाइलीत क्लासचा कोड नसतो, फक्त पत्ता असतो. अनपिकलरचं फाइंड क्लास हे फंक्शन आपलं लिहिलं आणि त्यात जुन्या पत्त्यांसमोर नवे पत्ते मांडले. यादीबाहेरचं काहीही आलं तर सरळ नकार, कारण पिकल वाचताना त्यात दडवलेला कोड चालूही शकतो आणि पेन ड्राइव्ह कुठून कुठून फिरून येतात.

खरी चूक माझी झाली ती यानंतर. एसएनएफचं, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशाखेरीजच्या घन भागाचं, फील्ड नोंदीत पुढे कधीतरी आलेलं, २०१२ च्या नोंदींत ते नव्हतंच. अनपिकल करताना, म्हणजे फाइलीतून ऑब्जेक्ट परत काढताना, नवा ऑब्जेक्ट बनवताना चालणारं इनिट हे फंक्शन चालत नाही, त्यामुळे तिथे लिहिलेली डीफॉल्ट किंमतही बसत नाही. मी सेट-स्टेटमध्ये, म्हणजे अनपिकल होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, रिकाम्या जागी ० भरला. सगळ्या टेस्ट हिरव्या. चार दिवसांनी एका केंद्राच्या सचिवांचा फोन.

"काय ओ मॅडम, २०१२ साली आमच्या म्हशी पाणी देत हुत्या काय?"

जुन्या रिपोर्टात एसएनएफची सरासरी शून्य छापली होती. दूध मोजलं नव्हतं आणि दुधात काही नव्हतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना चटकन कळलं, मला नाही. ० काढून नन, म्हणजे 'किंमतच नाही', केलं, रिपोर्टात त्या जागी रेघ आली.

आता नवं लिखाण सगळं जेसन या साध्या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये होतं, पिकल फक्त वाचण्यापुरतं. वेगवेगळ्या सालांच्या सात खऱ्या फाइली, शेतकऱ्यांची नावं बदलून, टेस्टच्या फोल्डरमध्ये ठेवल्यात. जुनं वाचणाऱ्या मॉड्यूलच्या डोक्यावर मी तेव्हा कमेंट टाकली होती: 'हे २०२२ मध्ये काढून टाकायचं.' गेल्या महिन्यात एका केंद्राचं कपाट आवरताना पेन ड्राइव्ह सापडला, त्यातल्या फाइलीत तारखांचा दुसरा बाइट २१९ होता. फाइल पहिल्या फटक्यात उघडली. मी ती कमेंट तेवढी काढून टाकली.