खरखरीसकट

शनिवार, रात्री उशिरा

संध्याकाळपासून नाफ्तुले ब्रँडवाइन या क्लेझ्मर क्लॅरिनेटवादकाला ऐकतेय. एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन नकला हाती लागल्या. पहिलीतली खरखर इतकी पुसून टाकलीय की क्लॅरिनेट पाण्याखाली वाजतंय असं वाटतं. दुसरीत सुईचा आवाज भरपूर, पण वादकाचा श्वास, सुरांना दिलेले ते हुंदक्यासारखे झटके, सगळं शाबूत. दुसरीच ठेवली. साफसफाई करणाऱ्यांनी मूळ आवाज वेगळा जपून ठेवावा, मग हवं ते करावं.

क्लेझ्मर हे पूर्व युरोपातल्या यिडिशभाषक ज्यूंचं लग्नाचं संगीत. ब्रँडवाइन १९०८ साली पूर्व युरोपातल्या गॅलिशियातून अमेरिकेत आला आणि १९२०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्याच्या तबकड्या निघाल्या. लग्नात लांबत जाणारा नाच तबकडीच्या एका बाजूवर, तीनेक मिनिटांत उरकायचा. आपल्याकडे ख्यालाचंही तेच झालं. पण खरी काटछाट केली ती आवाज टिपणाऱ्या कर्ण्यानं. १९२५च्या सुमारास मायक्रोफोन येईपर्यंत वादक कर्ण्यासमोर दाटीवाटीनं उभे राहायचे. खणखणीत वाद्यं उमटायची. संतूरच्या जातीचं त्सिंबल मागे पडायचं, बासचं, म्हणजे खालच्या सुरांचं काम बऱ्याचदा ट्यूबा या पितळी वाद्याकडे जायचं. तिकडच्या जुन्या लग्नांत व्हायोलिनचा मान मोठा. तबकड्यांवर मात्र क्लॅरिनेटचं राज्य. आपण ‘अस्सल’ म्हणून जे ऐकतो, ते कर्ण्याला मानवलेलं आहे, हे मला हल्ली सारखं जाणवतं.

वेगाचा घोळ निराळाच. त्या काळी सगळ्या तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नसत. ७८ची तबकडी ७४नं फिरवली तर पांढरी दोनची चीज जवळजवळ काळी एकवर उतरते, आणि नाचही मंदावतो. त्यामुळे वाद्याची पट्टी कोणती असेल ते ताडून वेग ठरवावा लागतो.

आणि त्या तबकड्यांतली लाख! जगाला लाख पुरवणारा मुख्य देश भारतच होता, त्यातही छोटा नागपूरचा वाटा मोठा. १९४२ साली युद्धामुळे तिचा तुटवडा पडला, तेव्हा अमेरिकेत लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा केल्या गेल्या. त्यात यिडिश तबकड्या किती गेल्या असतील, कोण जाणे.

पण मला जास्त ओढ आहे ती मोइसेइ बेरेगोव्स्कीची. कीव्हचा हा लोकसंगीताचा संशोधक १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून फोनोग्राफ घेऊन युक्रेनमधल्या ज्यू वस्त्यांत गेला आणि मेणाच्या सिलिंडरांवर आवाज साठवत राहिला. मेण हे असं की दर वेळी वाजवताना खाच थोडी झिजते. ऐकणं म्हणजेच खर्च करणं. नाझींनी त्या वस्त्याच संपवल्या. १९५०मध्ये खुद्द बेरेगोव्स्कीला अटक झाली, सायबेरियातल्या छावणीत पाठवलं. १९५५ साली सुटला, १९६१ साली गेला. सिलिंडर नष्ट झाले असंच धरलं गेलं होतं. ते १९९०च्या दशकात कीव्हच्या व्हेर्नाद्स्की ग्रंथालयात सापडले, आणि २००५ साली युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत गेले.

त्याच ग्रंथालयात मकोनोवेत्स्की नावाच्या व्हायोलिनवादकाच्या हातच्या सुरावटी आहेत. जगभरचे हौशी लोक त्या संगणकावर उतरवून घेताहेत. मला पाश्चात्त्य स्वरलिपी जेमतेम वाचता येते, तरी एखादं पान मागून पाहणार आहे.